उतारवयांत ठासणीची बंदूक

हा मथळा वाचून कांहीं वाचकांच्या, आणि विशेषतः वाचकभगिनींच्या, कपाळाला आठ्या पडतील हें आम्ही जाणून आहों. ज्यानें उभा जन्म मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं आणि शाळेच्या घंटेवांचून दुसरा मोठा आवाज कधीं केला नाहीं, अशा सेवानिवृत्त मास्तरानें साठी उलटल्यावर बंदूक हातीं घ्यावी, हा प्रकार वानप्रस्थाच्या कोणत्याहि व्याख्येंत बसण्यासारखा नाहीं. आमच्या घरांतून तर प्रथम स्पष्टच विचारणा झाली, "अहो, देवळाच्या पायऱ्या चढतांना गुडघे धरतां, आणि बंदूक कशी पेलणार?" प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर द्यावें, आणि हा नाद काय आहे, तो कोठें चालतो, त्यांत धोका किती व म्हाताऱ्या माणसाच्या पदरीं त्यांतून काय पडतें, हेंहि सांगावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ठासणीची बंदूक म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. शहरांतल्या नव्या पिढीनें ती पोवाड्यांत ऐकलेली किंवा वस्तुसंग्रहालयांत कांचेआड पाहिलेली असते, एवढेंच. हल्लींच्या बंदुकींत मागच्या बाजूनें तयार काडतूस घालतात. ठासणीच्या बंदुकीला मागें दारच नाहीं. नळी मागून कायमची बंद. जें कांहीं घालावयाचें तें पुढच्या तोंडानें. आधीं मोजून दारू, मग चिंधींत बसविलेली शिशाची गोळी. ती गजानें ठासून थेट दारूवर नेऊन बसवावयाची, आणि शेवटीं नळीच्या कानाशीं पेट देण्याची सोय करावयाची. पेट देण्याच्या मुख्य रीती तीन झाल्या. सर्वांत जुनी तोड्याची. हींत सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविलेली दोरी धुमसत ठेवतात व चाप ओढला कीं तिचें टोंक रंजकीवर येतें. दुसरी चकमकीची. हींत घोड्याच्या जबड्यांत धरलेली गारगोटी पोलादाच्या पट्टीवर घासते आणि ठिणग्या खालच्या पेल्यांतील रंजकीवर पडतात. तिसरी टोपीची. तांब्याच्या इवल्याशा टोपींत स्फोटक मसाला असतो. घोडा तिच्यावर आपटला कीं ज्वाळा कानांतून आंत जाते. या तिसऱ्या रीतीचें मूळ शोधून काढणारा अलेक्झांडर फोर्साइथ हा स्कॉटलंडांतील बेलहेल्वी येथील पाद्री होता, व १८०७ सालीं त्यानें आपल्या शोधाचें पेटंट घेतलें. रंजकीचा भडका पाहून पक्षी बार होण्याच्या आधींच उडून जात, हें त्याचें दुःख! धर्मोपदेशकाचा हा उद्योग वाचून आम्हांस हंसूं आलें. पण मास्तरानें तरी कोणाला हंसावें?

आपल्या भाषेंतून मात्र ही बंदूक अद्याप गेलेली नाहीं. आपण एखादी गोष्ट ठासून सांगतों, दोन विद्वानांची चकमक झडते, सभेंतल्या वक्त्याचा बार फुसका निघतो. हे शब्दप्रयोग रोज करणाऱ्या शंभरांतल्या एकानेंहि गज हातीं धरलेला नसतो.

आमच्या हातीं तो प्रथम आला त्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. राजापूर तालुक्यांतील आमच्या घरीं अण्णाकाकांच्या नांवें शेतीच्या संरक्षणासाठीं परवान्याची एकनळी ठासणीची बंदूक होती. कोंकणांत अशा बंदुका अनेक घरीं असत व आजहि आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत तर पिकाच्या खऱ्या संरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याचा उल्लेख स्वतंत्रपणें केलेला आहे. डुकरें नाचणींत शिरलीं किंवा वानरें फणसावर आलीं म्हणजे अण्णाकाका गोळीवांचून नुसत्या दारूचा बार काढीत. १९७२ चा वन्यजीवांचा कायदा झालेलाच होता. शिवाय आमच्या आजीचा दंडक सरकारच्या कायद्याहून कडक होता. आवाज करा, जीव घेऊं नका. गज कसा धरावा, दारू ओतल्यावर नळीवर थाप कां मारावी, टोपी सर्वांत शेवटीं कां बसवावी, हें त्या परसांत आम्ही शिकलों. पुढें नोकरी लागली, बदल्या झाल्या, मुलांचीं शिक्षणें झालीं. अण्णाकाका गेले, परवाना चुलतभावाच्या नांवें झाला आणि आमचा व त्या बंदुकीचा संबंध सुटला.

तो पुन्हां जुळला तो सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेंत. आमचे चिरंजीव ओहायओ प्रांतांत नोकरीस असतात. निवृत्तीनंतर आम्हीं उभयतां दोन वेळां त्यांच्याकडे पांच-पांच महिने राहून आलों. तिकडे गेलेल्या सासूसासऱ्यांची दिनचर्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. सकाळीं नातवाला शाळेच्या मोटारींत बसवावें, दुपारीं खिडकींतून ओस रस्ता पाहावा, संध्याकाळीं मुलगा व सून दमून घरीं येण्याची वाट पाहावी. एके रविवारीं शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आपल्या आवारांत एक लांब चकमकीची बंदूक पुशीत बसलेले आम्हीं पाहिले. ती ठासणीची आहे हें आम्हीं दुरूनच ओळखलें, कारण नळीखालीं गज होता. भाषेची अडचण होती, पण गजाला भाषा लागत नाहीं.

मग कळलें तें असें. ज्या देशांत एकाहून एक नवीं हत्यारें बाजारांत मिळतात, त्याच देशांत हजारों लोक बुद्ध्या दोनशें वर्षें मागें जाऊन ही बंदूक वापरतात. हा नाद फार जुना नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठासणीच्या बंदुका अडगळींत पडल्या. डोंगराळ खेड्यांतील कांहीं म्हाताऱ्यांनीं मात्र त्या सोडल्या नव्हत्या. १९३१ सालीं ओहायओंतीलच पोर्ट्समथ येथें अशा बंदुकांचा नेमबाजीचा सामना भरला, आणि १९३३ सालीं त्यांतून या नादाची राष्ट्रीय संस्था निघाली. तिचें ठाणें शेजारच्या इंडियाना प्रांतांत फ्रेंडशिप नांवाच्या लहानशा खेड्यांत आहे. गांवाचें नांवच मैत्री! तेथें दर वर्षीं जूनमध्यें व सप्टेंबरमध्यें मोठे सामने भरतात. चिरंजीवांनीं आम्हांस एका सप्टेंबरांत तेथें नेलें. तंबू, लांकडाचा धूर, गंधकाचा वास, कातडी पोशाख घातलेले आजोबा आणि त्यांच्यामागें दारूचें शिंग घेऊन धांवणारी नातवंडें. आम्हांस आडिवऱ्याच्या जत्रेची आठवण झाली, फरक एवढाच कीं येथें नारळाऐवजीं शिसें विकत मिळत होतें.

इंग्लंडांतील अशाच संस्थेची स्थापना १९५२ ची. १९७१ पासून तर आंतरराष्ट्रीय मंडळच आहे व त्याचे जागतिक सामने होतात. नियम मोठे सुटसुटीत आहेत. तीस मिनिटांत तेरा बार काढावयाचे, त्यांतले उत्तम दहा धरावयाचे. सामन्यांना नांवें दिलीं आहेत तींहि इतिहासांतलीं. तोड्याच्या बंदुकीच्या सामन्यास तानेगाशिमा म्हणतात, कारण १५४३ सालीं पोर्तुगीजांनीं जपानांत पहिल्यानें बंदूक आणली ती त्या बेटावर. दुसऱ्या एका सामन्यास फ्रेंच अधिकारी मिनिए याचें नांव आहे. या मिनिएचा आपल्याशींहि संबंध पोंचतो. त्यानें काढलेल्या लांबट गोळीच्या धर्तीवरच १८५३ ची एन्फील्ड बंदूक निघाली, आणि तिचींच काडतुसें पुढें १८५७ च्या भडक्याला निमित्त झालीं. तें काडतूस म्हणजे आजच्यासारखें पितळेचें नव्हे. दारू व गोळी एकत्र गुंडाळलेली कागदाची पुडी. तिचें टोंक दांतानें फाडून दारू नळींत ओतावयाची व गोळी वरून ठासावयाची. कागदाला चरबी चोपडलेली, आणि तो तोंडाशीं न्यावयाचा, म्हणून शिपाई बिथरले. एन्फील्ड ही ठासणीची बंदूक होती हें ध्यानीं घेतल्यावांचून तो सारा प्रकार नीट उलगडत नाहीं. आम्ही तीस वर्षें मुलांना सत्तावनचा धडा शिकविला. पण तें टोंक दांतानें कां फाडावें लागे हें सांगण्यासाठीं पाठ्यपुस्तकांत एक ओळहि नव्हती.

त्या चरबीचा प्रश्न आमच्यापुढेंहि आला. गोळीभोंवतीं जी सुती चिंधी गुंडाळतात ती तिकडे पुष्कळदां जनावराच्या चरबीनें वंगण करतात. आम्हीं खाणाखुणांनीं अडचण सांगितली. शेजाऱ्यांनीं मुळींच वाद न घालतां मधमाशांचें मेण व ऑलिव्हचें तेल एकत्र वितळवून आम्हांस निराळी डबी करून दिली. ही समज १८५७ सालीं कोणी दाखविली असती तर!

आतां कायद्याविषयीं. परक्या देशांत पाहुणा म्हणून गेलेल्या माणसानें बंदुकीला हात लावणें कितपत बरें, ही शंका प्रथम सूनबाईंनीं काढली व ती योग्यच होती. चौकशीअंतीं मौज कळली. अमेरिकेच्या १९६८ च्या मध्यवर्ती कायद्यान्वयें १८९८ पर्यंतची बंदूक, तिची प्रतिकृति, तसेंच काळ्या दारूवर चालणारी व तयार काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक ही बहुतेक बाबतींत बंदूक या व्याख्येंतच येत नाहीं, ती पुराणवस्तु! प्रांतोप्रांतींचे नियम निराळे असतात, म्हणून ते आधीं पाहावे लागतात. आपल्याकडे मात्र असें नाहीं. चालती ठासणीची बंदूक जवळ ठेवावयाची तर परवाना हवाच.

यानंतर आम्ही शेजाऱ्यांबरोबर त्यांच्या लहानशा मंडळाच्या मैदानावर जाऊं लागलों. मंडळींत पन्नाशीच्या आंतला मनुष्य क्वचित्. कोणी पूर्वीं कारखान्यांत होता, कोणी शेतकरी, एक बाई निवृत्त परिचारिका. पुष्कळांची कथा एकच. लहानपणीं वडिलांबरोबर किंवा मामाबरोबर ही बंदूक उडविली, संसारांत विसरले, आणि हात मोकळे झाल्यावर पुन्हां शोधून काढली. नव्या बंदुकींचा त्यांना तिटकारा नाहीं, पण त्यांच्यानें त्यांत मन रमत नाहीं. एकजण म्हणाले, नव्या बंदुकीनें एका मिनिटांत पेटी रिकामी होते आणि घरीं जावें लागतें. हिच्यापायीं सकाळ जाते.

सकाळ खरोखरच जाते. एका बाराची तयारी सांगतों म्हणजे वाचकांच्या ध्यानांत येईल. प्रथम नळी रिकामी आहे कीं भरलेली हें पाहावयाचें. डोळ्यांनीं तें दिसत नाहीं, आणि नळीच्या तोंडाशीं डोळा नेणें म्हणजे यमाशीं सलगी. म्हणून गजावर खुणा असतात. रिकाम्या नळींत गज तळाला टेकला असतां नळीच्या तोंडाशीं जेथें येतो तेथें एक रेघ. योग्य माप भरलें असतां जेथें येतो तेथें दुसरी. गज आंत सोडला कीं बंदूक आपली स्थिति आपणच सांगते. मग दारू. ती शिंगांतून थेट नळींत कधींहि ओतीत नाहींत. मागच्या बाराची एखादी ठिणगी आंत राहिली असेल तर शिंगच हातांत फुटावयाचें. म्हणून आधीं मापांत घेऊन मग नळींत. आमच्या अर्ध्या इंचाच्या नळीला ५० ग्रेन दारू लागे. १८० ग्रेनांचा तोळा, तेव्हां पाव तोळ्याहून किंचित् अधिक. नंतर चिंधी, तिच्यावर गोळी, आणि गजानें एका दमांत खालीं. गोळी दारूवर घट्ट बसली पाहिजे. मध्यें पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फाटते. गज दुसऱ्या रेघेशीं आला म्हणजे बरोबर बसली. हें सारें करतांना तोंड, छाती नळीच्या वर येऊं द्यावयाची नाहीं. मग रेषेवर जाऊन, बंदूक निशाणाकडे करून, तेव्हां कोठें पेल्यांत रंजक किंवा कानावर टोपी.

दारू म्हणजे काळी दारूच. सोरा ७५ भाग, कोळसा १५, गंधक १० हें तिचें रूढ प्रमाण. हल्लींची धूररहित दारू चिमूटभरहि या बंदुकींत घालतां कामा नये. तिच्या दाबानें जुनी नळी चिंधड्या होऊन हातीं येते. संस्कृताच्या अभ्यासकांस येथें शुक्रनीति आठवेल. तींत नालिक यंत्राचें वर्णन असून अग्निचूर्णासाठीं सोऱ्याचे पांच भाग व गंधक आणि कोळसा यांचा एकेक भाग सांगितला आहे. १८८० सालीं ओपर्ट या पंडितानें यावरून प्राचीन आर्यांस बंदूक ठाऊक होती असें प्रतिपादिलें, आणि आमच्या शास्त्रीबुवांनीं तें आम्हांस मोठ्या अभिमानानें शिकविलें होतें. परंतु तो ग्रंथ आजच्या स्वरूपांत फार अलीकडचा आहे, असेंच आतां बहुतेक विद्वान् मानतात. भांडारकर संस्थेंतील कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं आपल्याकडील बंदूक व दारू यांचे उल्लेख धुंडाळले ते चौदाशेंच्या सुमारापासून पुढचे. अभिमानापेक्षां तारीख बरी, असें आमचें मत आहे. असो.

बार झाल्यावर काय होतें? चकमकीच्या बंदुकींत चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत डोळ्याला जाणवेल इतका क्षण जातो. आधीं कानाशीं भडका, मग खांद्याला धक्का. त्या क्षणीं हात हालला कीं नेम गेला. तरुण मंडळी भडक्याला दचकतात. म्हाताऱ्यांचें बरें असतें असा आमचा अनुभव. दचकण्याची घाई उरलेली नसते. आमच्या घरांतील प्रश्नाचें उत्तरहि येथेंच देतों. बंदूक चार किलोच्या आसपास भरते. ती उभ्यानें पेलवत नसेल तर मेजावर टेकवून नेम धरण्याचे सामने निराळे असतात. गुडघ्यांचा संबंध येत नाहीं. डोळ्यांची मात्र पंचाईत होते. जवळची खांच अंधुक आणि दूरचें निशाण स्पष्ट, किंवा उलट. दोन्हीं एकदम दिसत नाहींत. कानांना बोंडें व डोळ्यांना चष्मा तर सर्वांनाच सक्तीचा.

आतां या नादाचा जो भाग आम्हांस खरा महत्त्वाचा वाटतो त्याकडे वळतों. ही बंदूक मनाची शिस्त मागते, आणि म्हातारपणीं आधीं ढळते ती तीच. १८६३ सालीं अमेरिकेच्या यादवी युद्धांत गेटिसबर्गची लढाई झाली. नंतर रणांगणावरून सत्तावीस हजारांवर बंदुका गोळा केल्या, तेव्हां सुमारें चोवीस हजार भरलेल्या निघाल्या, असें तेव्हांच्या अहवालांत नमूद आहे. त्यांतल्या निम्म्यांत दोन-दोन बार, कित्येकांत तीन ते दहा, आणि एकींत तर तेवीस! भीतीनें व गोंगाटानें भांबावलेले शिपाई बार न निघतांच पुन्हां पुन्हां ठाशीत राहिले. हातांना क्रम पाठ होता, मन मात्र ठिकाणावर नव्हतें. रणांगणावर भीति जें करते तेंच घरीं बसून वय करतें. गॅस बंद केला कीं नाहीं, गोळी घेतली कीं नाहीं, हें आम्हां साठीपुढच्यांस कोण विचारतें? आपलें आपणच दहादां विचारतों.

मैदानावर आमच्या शेजारच्या रांगेंत एक गृहस्थ असत. वय ऐंशीच्या घरांत, नेम असा कीं तरुणांनीं वहाणा उचलाव्या. एका सकाळीं त्यांनीं दारू न घालतांच गोळी ठासली. ही कोरडी गोळी म्हणजे केवळ फजीति. गजाच्या टोंकाला मळसूत्र लावून ती काढतां येते. असें तेथें प्रत्येकाचें एखादे वेळीं होतें व लोक हंसून सोडून देतात. ते स्वतः हंसले नाहींत. पुढल्या आठवड्यांत त्यांनीं एकदां दारू घातली, कोणाशीं दोन शब्द बोलले, आणि पुन्हां माप नळीशीं नेलें. शेजारच्या परिचारिकाबाईंनीं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. बोलल्या कांहींच नाहींत. त्यांनीं गज आंत सोडला, रेघ पाहिली, माप शिंगांत परत ओतलें. मग तो भरलेला बार रीतसर निशाणावर काढला, बंदूक पुसली आणि पेटींत ठेवली. त्यानंतर त्यांनीं नळींत दारू घातली नाहीं.

पण ते मैदानावर येतच राहिले, हें सांगावयाचें आहे. नव्या माणसामागें उभें राहून त्याचा क्रम पाहण्याचें काम त्यांनीं आपण होऊन पत्करलें. आम्हीं गज सोडण्यास विसरलों तर टोंचावयास ते मागें आहेत या विश्वासावर आमचे कित्येक बार झाले. आपल्या एकत्र कुटुंबांत म्हाताऱ्यांनीं कोणत्या दिवशीं किल्ल्या सुनेच्या हातीं द्याव्या, कोणत्या वर्षीं मोटार चालविणें सोडावें, यावरून किती घरांत धुसफूस चालते हें सर्वांस ठाऊक आहे. मुलांनीं सांगावें तर अपमान, न सांगावें तर भय. त्या गृहस्थांस घरच्या कोणी सांगितलें नाहीं. गजावरच्या रेघेनें सांगितलें, आणि तिच्याशीं वाद घालतां येत नाहीं. आम्हीं त्याच रात्रीं चिरंजीवांस बसवून घेतलें व सांगितलें कीं, आमच्या हातून अशी गोष्ट एका महिन्यांत दोनदां झालेली दिसली तर बंदूक काढून घ्यावी, आणि आम्हीं रागावलों तरी ऐकूं नये. चिरंजीव संकोचले. नातू मात्र म्हणाला, "आजोबा, मी मोजीन."

घरीं आल्यावर काम संपलें असें नाहीं. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळून घन रूपांतच उरतो व तो हवेंतली ओल ओढून घेतो. नळी त्याच दिवशीं धुतली नाहीं तर गंज धरते. कढत पाणी, साबण, चिंध्या. पांढरी चिंधी पांढरीच बाहेर येईपर्यंत. मग कोरडी करून तेलाचा हात. हें काम आमच्या घरांतून पाहिलें गेलें तेव्हां शेरा मिळाला, "तांब्या-पितळेचीं भांडीं इतक्या निगुतीनें कधीं घांसलीं होतीं का?" तरीहि चिंध्या फाडून देण्याचें काम त्याच दिवसापासून त्यांनीं आपल्याकडे घेतलें.

हिंदुस्थानांत हा नाद म्हणून जिवंत पाहावयाचा असेल तर कूर्गास जावें. कोडव लोकांस परवान्यांतून जी जुनी सूट आहे ती केंद्र सरकारनें २०१९ सालीं आणखी दहा वर्षें वाढविली, व कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानें २०२१ सालीं ती ग्राह्य धरली. भातलावणी संपल्यावर सप्टेंबरच्या आरंभीं कैलमुहूर्ताचा सण येतो. त्या दिवशीं घरोघरीं बंदुकीची पूजा होते, आणि झाडावर बांधलेल्या नारळावर नेम धरण्याची चढाओढ लागते. जीव न घेतां नेमाची हौस भागविण्याची ही रीत आमच्या आजीलाहि पसंत पडली असती.

महाराष्ट्रांत मात्र ठासणीची बंदूक अद्याप शेताची राखणदारीण आहे, आणि तिचे दिवस भरत आले आहेत. निवडणूक जाहीर झाली कीं गांवोगांवच्या बंदुका ठाण्यांत जमा होतात व पुढें सवडीनें परत येतात. म्हातारा परवानेदार वारला आणि कोणी वारस पुढें आला नाहीं तर ती तेथेंच राहते. अण्णाकाकांची बंदूकहि त्याच वाटेवर होती. आमच्या चुलतभावास यंदा सत्तरावें लागलें. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें परवानेदारास सत्तर वर्षें पुरीं झालीं, किंवा त्यानें पंचवीस वर्षें शस्त्र बाळगलें, म्हणजे वारसाच्या नांवें परवाना मागतां येतो. त्याचा मुलगा पुण्यास असतो. त्यानें फोनवर "मला नको ती कटकट" एवढ्यावर विषय संपविला. भावानें जमा करण्याचा अर्ज लिहूनहि ठेवला होता.

त्याच्या मुलीनें तो पाठवूं दिला नाहीं. ती गांवच्या प्राथमिक शाळेंत शिक्षिका आहे, शेत तीच पाहते, आणि गेल्या हंगामांत डुकरांनीं नाचणीचें अर्धें शेत उखडलें तें तिनेंच पाहिलें. परवान्यासाठीं सुरक्षित हाताळणीचें शिक्षण घ्यावें लागतें, तें घेण्यास ती तयार आहे. अर्ज गेला आहे, उत्तर यावयाचें आहे. मागल्या आठवड्यांत तिचें पत्र आलें. "काका, गजावरची खूण पूर्णपणें पुसली गेली आहे. बाबांना कोठें होती तें आठवत नाहीं. नवी कशी पाडूं?" आम्हीं लिहिलें कीं, आधीं टोपी नाहीं हें पाहा; मग गज नळींत सोडून तोंडाशीं अंगठ्यानें धर, बाहेर काढ, आणि नळीच्या बाहेरून लावून पाहा. टोंक कानापर्यंत पोंचलें तर नळी रिकामी. तेथें कानशीनें बारीक रेघ पाड. चार बोटें अलीकडे राहिलें तर कोणी तरी भरून ठेवली आहे; हात लावूं नकोस, आम्ही पहिल्या गाडीनें येतों.